अकरा वर्षे, सहा प्रकारच्या गोळ्या: खेड्यातून पाहिलेली मधुमेहाची औषधे

आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आटोपली की ओट्यावर बसून पाच-सात माणसे जे विषय काढतात, त्यांत कापसाचा भाव पहिला आणि शुगरची गोळी दुसरी, असा क्रम गेली काही वर्षे ठरून गेला आहे. "गुरुजी, कोणती गोयी चांगली जी?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढावे असे वाटले. मी डॉक्टर नाही. वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेला, पाच एकर कोरडवाहू शेती पाहणारा आणि 2014 पासून टाइप टू मधुमेहाच्या गोळ्या घेणारा माणूस आहे. या काळात सहा निरनिराळ्या वर्गांतील गोळ्या माझ्या पोटात गेल्या. त्यांपैकी दोन टिकल्या आणि चार सुटल्या. त्या का टिकल्या आणि का सुटल्या, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. कोणी हे वाचून आपली गोळी स्वतःच बदलू नये, ही विनंती मात्र आधीच करून ठेवतो.

डॉक्टर लोक गोळीचे मोल प्रामुख्याने एका आकड्यावरून ठरवतात. रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, किती खाली आली, हा तो आकडा. तो महत्त्वाचा आहेच. परंतु शेतावर जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्याच्या जोडीला आणखी काही गोष्टी येतात. जेवणाला दोन तास उशीर झाला तर ही गोळी काय करते, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेल्यावर काय करते, तालुक्याच्या दुकानात ती दर महिन्याला मिळते का, आणि तिच्या पत्त्यावरचे, म्हणजे गोळ्यांच्या पाकिटावरचे नाव घरात कोणाला वाचता येते का, हे प्रश्न गोळी तयार करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असतातच असे नाही. माझे मत असे झाले आहे की गोळीचा गुण निम्मा तिच्या अंगी असतो आणि निम्मा ती घेणाऱ्याच्या दिनक्रमात.

पहिली गोळी अर्थातच मेटफॉर्मिन. शाळेतल्या आरोग्य शिबिरात माझी उपाशीपोटीची साखर 212 निघाली आणि तीन महिन्यांची सरासरी 9.1 टक्के आली, तेव्हा जेवणाबरोबर 500 मिलिग्रॅमची एक गोळी सकाळी आणि एक रात्री, अशी सुरुवात झाली. पहिले तीन आठवडे पोटाने जो गोंधळ घातला, तो शाळेत वर्ग घेणाऱ्या माणसाला लाजिरवाणा होता. तोंडाला धातूसारखी चव, सकाळी दोन-तीन वेळा शौचाला पळणे, आणि डबा उघडताच येणारा माशासारखा वास, हे सगळे माळकरी घरात विशेषच जाणवले. डॉक्टरांनी साधी गोळी बदलून सावकाश सुटणारी, म्हणजे एसआर गोळी दिली आणि ती अर्ध्या जेवणानंतर घ्यायला सांगितली, तेव्हा महिनाभरात पोट शांत झाले. पुष्कळ लोक याच पहिल्या महिन्यात औषध सोडतात. कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवत नेले तर बहुतेकांचे पोट जुळवून घेते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

या एसआर गोळीविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यामुळे आमच्या गावात एका गृहस्थांनी चार महिने औषध बंद ठेवले होते. शौचातून अखंड गोळी बाहेर पडलेली त्यांना दिसली आणि "पोटात विरघळतच नाही तर पैसे कशाला घालवायचे" असा हिशेब त्यांनी केला. प्रत्यक्षात बाहेर पडते ते रिकामे टरफल असते. त्यातले औषध आतड्यात हळूहळू झिरपून गेलेले असते. शेंगेतले दाणे काढून घेतल्यावर फोलपट उरावे, तसाच हा प्रकार आहे. हीच गोळी कुटून किंवा चावून खाल्ली तर मात्र सावकाश सुटण्याची सगळी योजना मोडते. हजार मिलिग्रॅमची गोळी आकाराने मोठी असते आणि म्हाताऱ्या माणसांच्या घशात अडकते. अशांनी ती कुटण्याऐवजी पाचशेच्या दोन मागून घ्याव्यात, हे डॉक्टरांना विचारण्यासारखे आहे.

मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतावर काम करते. रात्रभर यकृत रक्तात जी साखर सोडत राहते, ती ते आवरते, आणि शरीराचे स्वतःचे इन्सुलिन अधिक नीट लागू पडू देते. स्वादुपिंडाला चाबूक मारून ते जादा इन्सुलिन काढत नाही; म्हणून एकटे घेतले असता त्याने साखर धोकादायकरीत्या खाली जाणे फार विरळ. तीन महिन्यांची ती सरासरी एक ते दीड टक्क्याने खाली येते, वजन वाढत नाही. युरोपातील गलेगा नावाच्या एका रानवनस्पतीतील द्रव्यापर्यंत त्याचे मूळ जाते. 1957 साली फ्रान्समध्ये जाँ स्टर्न या डॉक्टरांनी मधुमेहावर त्याचा उपयोग प्रसिद्ध केला, तरीही अमेरिकेत त्याला परवानगी मिळायला 1994 उजाडले. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष 1998 मध्ये आले आणि वजनदार रुग्णांत हृदयविकाराचे झटके व मृत्यू या गोळीने कमी होतात असे दिसले. इतकी जुनी, इतकी तपासलेली गोळी मला आज दीड-दोन रुपयांना मिळते. माझ्या मते या सगळ्या यादीत पैशाला सर्वांत जास्त जागणारे औषध हेच.

तिची एक खोड मात्र मला फार उशिरा कळली. चार-पाच वर्षांनंतर तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा मधुमेहाने मज्जातंतू खराब झाले असे मी धरून चाललो. रक्त तपासल्यावर बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व तळाला गेलेले निघाले. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने हे जीवनसत्त्व शोषले जाण्यात अडथळा येतो, आणि मांस, मासे, अंडी न खाणाऱ्या घरात ते आधीच बेताचे असते. इंजेक्शने घेतल्यावर मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. आमच्या भागात माळकरी आणि शाकाहारी घरे पुष्कळ असल्याने ही तपासणी दोन-एक वर्षांनी करून घ्यावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. मूत्रपिंडाचे काम फार मंदावले असेल, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग दाखवणारा ईजीएफआर हा आकडा तीसच्या खाली असेल, तर ही गोळी देत नाहीत, आणि सीटी स्कॅनसाठी शिरेतून रंगद्रव्य सोडणार असतील तर ती चालू असल्याचे आधी सांगावे लागते.

दुसरी गोळी ग्लिमेपिराइड. तिच्याविषयी माझे मत कडवट आहे, आणि त्याचे कारण लपवणार नाही.

2016 मध्ये मेटफॉर्मिन पुरेनासे झाले तेव्हा दोन्ही औषधे एकत्र असलेली गोळी सुरू झाली. गुण तात्काळ आला, सरासरी 8.4 वरून सातच्या आत आली आणि गोळीही स्वस्त होती. ग्लिमेपिराइड ज्या सल्फोनिलयुरिया कुळातले, ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडते, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. या कुळाचा शोधच मुळी अशा एका प्रसंगातून लागला: 1942 साली फ्रान्समधील माँपेलिए येथे विषमज्वराच्या रुग्णांना सल्फा जातीचे एक नवे औषध दिले असता त्यांची साखर उतरून ते गलितगात्र होऊ लागले, आणि त्या अपघाताचेच पुढे औषध झाले.

नोव्हेंबर 2017 मध्ये तो अपघात माझ्या वावरात झाला. तालुक्याच्या एका दुकानातून मी नेहमीचे पत्ते घेतले. दुकानदाराने "एम वन" ऐवजी "एम टू" दिले आणि विचारल्यावर "तीच गोळी आहे, कंपनीही तीच" असे सांगितले. मीही मान डोलावली, कारण मला वाटत होते की तो आकडा मेटफॉर्मिनचा असेल. तो तसा नसतो. "एम" हे अक्षर मेटफॉर्मिनचे आणि पुढचा आकडा ग्लिमेपिराइडच्या मिलिग्रॅमचा. म्हणजे नकळत माझी मात्रा दुप्पट झाली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला चहाबरोबर गोळी घेऊन मी वेचणीवर गेलो. शिदोरी अकराला उघडायची, हा आमचा शिरस्ता. दहाच्या सुमारास पऱ्हाटीच्या तासात उभा असताना हात थरथरू लागले, थंडीच्या दिवसांत सदरा घामाने भिजला आणि समोरच्या बाईचे नाव आठवेना. मी काहीतरी असंबद्ध बोलतो आहे हे तिच्याच लक्षात आले. तिने बांधावरच्या चहाच्या सामानातली साखर पाण्यात कालवून माझ्या तोंडाला लावली. "काकाजी, डोये उघडा, झोपू नोका," एवढेच शब्द मला आठवतात.

घरी आणल्यावर मोजली तेव्हा साखर बावन्न होती, तीही साखरपाणी पोटात गेल्यानंतर. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथे मुद्दाम नोंदवतो. एक, अशा वेळी तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज ताबडतोब द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे; शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न ओतता दवाखाना गाठावा. दोन, या गोळीचा अंमल बराच वेळ राहत असल्याने एकदा वर आलेली साखर पुन्हा घसरू शकते, म्हणून नंतर पोटभर जेवावे आणि दिवसभर एकटे राहू नये. ग्लिमेपिराइड हे वाईट औषध आहे असे माझे म्हणणे नाही. ज्याची न्याहारी घड्याळाबरहुकूम होते, त्याला ते स्वस्तात चांगला गुण देते, आणि सरकारी दवाखान्यात मेटफॉर्मिनच्या जोडीला बहुधा तेच मिळते. परंतु वेचणीच्या, सोंगणीच्या आणि उपासतापासाच्या दिवसांत, श्रावण सोमवारी किंवा नवरात्रात, रिकाम्या पोटी ही गोळी घेणे म्हणजे संकटाला आवतण आहे. उपास करायचा असेल तर गोळीचे काय करायचे, हे आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारावे. आमच्या घरातल्या बायका गोळी न चुकता घेतात आणि उपासही मोडत नाहीत, हे विशेष.

या नावांच्या गोंधळावर थोडे अधिक लिहिणे भाग आहे. दोन-तीन औषधे एकत्र केलेल्या गोळ्या आपल्या देशात फार खपतात आणि त्यांच्या नावामागे अक्षरांची शेपूट असते. "पी" असेल तर बहुधा पायोग्लिटाझोन. "व्ही" असेल तर कधी व्होग्लिबोज, कधी विल्डाग्लिप्टिन. एका अक्षराच्या चुकीने औषधाचा वर्गच बदलतो, पत्त्याचा रंग मात्र तोच राहतो. सहाव्या इयत्तेतल्या मुलाने असे उत्तर लिहिले असते तर मी शून्य गुण दिले असते.

व्होग्लिबोजबद्दल थोडक्यात सांगतो. ही गोळी पिष्टमय पदार्थांचे आतड्यात होणारे पचन लांबवते, म्हणून ती जेवणाच्या पहिल्या घासाबरोबरच घ्यावी लागते. जेवून उठल्यावर घेतली तर तिचा उपयोग नाही. न पचलेले पीठ मग मोठ्या आतड्यात आंबते. भात आणि पोळी खाणाऱ्या माणसाच्या पोटात त्याचा जो वायू होतो, त्याचे वर्णन मी करणार नाही. सामुदायिक प्रार्थनेत मौन पाळण्याची वेळ आली की माझी जी अवस्था होत असे, ती शेजारी बसणाऱ्यांना ठाऊक आहे. सरासरी अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर उतरली. एक बारकावा उपयोगी आहे: या गोळीबरोबर दुसऱ्या गोळीने साखर उतरली, तर घरातली साधी साखर पचायलाच वेळ लागतो, म्हणून अशा रुग्णाने खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी.

पायोग्लिटाझोन मला चार महिनेच मिळाले. सरासरी चांगली उतरली, पण वजन तीन किलोने वाढले आणि संध्याकाळी घोट्यांवर बोट दाबले की खड्डा पडू लागला. अंगात पाणी साठवणे हा त्या औषधाचा स्वभाव आहे, आणि ज्यांचे हृदय कमकुवत आहे त्यांना ते देत नाहीत. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून जून 2013 मध्ये भारतात त्यावर बंदी आली होती. काही आठवड्यांतच ती उठली आणि पत्त्यावर इशारा छापण्याची अट आली. तो इशारा इतक्या बारीक इंग्रजी अक्षरांत असतो की चष्मा लावूनही मला तो वाचता आला नाही.

त्यानंतर 2019 च्या मध्यापासून विल्डाग्लिप्टिन सुरू झाले, आणि इथून माझा अनुभव सुधारला. या वर्गाला लोक ग्लिप्टिन म्हणतात. जेवल्यावर आतड्यातून एक संप्रेरक सुटते, ते स्वादुपिंडाला "आता साखर येते आहे" असा निरोप देते. शरीर हा निरोप्या लगेच मोडून टाकते, आणि ग्लिप्टिन ते मोडणे थांबवतात. त्यामुळे साखर असेल तेव्हाच इन्सुलिन वाढते. जेवण लांबले तरी साखर घसरत नाही, पोट बिघडत नाही, वजनही वाढत नाही. गुण मात्र मध्यम. अर्धा ते पाऊण टक्का. स्वादुपिंडाला सूज येण्याची क्वचित शक्यता असते, तेव्हा पोटात असह्य दुखून उलट्या झाल्या तर दुर्लक्ष करू नये. परंतु शेतकऱ्याच्या अनियमित दिवसाशी जमवून घेणारी गोळी निवडायची झाली तर मी हिलाच पहिली पसंती देईन.

अडचण होती ती पैशाची. सुरुवातीला विल्डाग्लिप्टिनच्या एका गोळीला वीस रुपयांच्या आसपास पडत, आणि दिवसाला दोन घ्याव्या लागत. निवृत्त शिक्षकाला ते कसेबसे झेपते. सोयाबीनवर वर्ष काढणाऱ्याला नाही. डिसेंबर 2019 मध्ये तिचे पेटंट संपले आणि अनेक कंपन्यांनी तीच गोळी बाजारात आणली. पाहता पाहता किंमत पाच-सहा रुपयांवर आली. जुलै 2022 मध्ये सिटाग्लिप्टिनचे पेटंट संपले आणि त्याच सप्टेंबरात जनऔषधी केंद्रांत 50 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या 60 रुपयांना व 100 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या 100 रुपयांना मिळू लागल्या. सिटाग्लिप्टिन दिवसातून एकदाच घ्यावे लागते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने मी तिकडे वळलो आणि आजही तेच घेतो. त्याची मात्रा मूत्रपिंडाच्या कामावरून ठरते. मूत्रपिंड मंद असेल तर ती कमी करावी लागते. याच वर्गातल्या लिनाग्लिप्टिनला मात्र ती अट नाही. औषधाची किंमत कारखान्यातल्या खर्चापेक्षा पेटंटच्या तारखेवर किती अवलंबून असते, हे मला या दोन गोळ्यांनी शिकवले. आता नवी महागडी गोळी कोणी सुचवली की मी तिचे पेटंट केव्हा संपते हे आधी विचारतो, आणि डॉक्टर हसतात.

सहावी गोळी डापाग्लिफ्लोझिन. लघवीला मुंग्या लागणे ही मधुमेहाची खूण, असे आपल्याकडे आजे-पणजे सांगत आले. ही गोळी नेमके तेच मुद्दाम घडवून आणते: मूत्रपिंड जी साखर परत रक्तात ओढून घेते, ती ओढून घेऊ देत नाही, आणि दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम साखर लघवीवाटे वाहून जाते. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून 1835 मध्ये वेगळ्या काढलेल्या फ्लोरिझिन या द्रव्यापासून ही कल्पना निघाली. वर्ष 2021 च्या हिवाळ्यात मी ती सुरू केली. वजन अडीच किलोने उतरले, रक्तदाबही थोडा खाली आला, आणि मी फार खूश होतो. दरम्यान उपकेंद्रात कोणत्याशा तपासणीसाठी लघवीत पट्टी बुडवली, तर ती गडद रंगली आणि आशाताई घाबरून म्हणाल्या, "काकाजी, तुमची शुगर तं लय वाढली दिसते!" बोटातले रक्त तपासले तेव्हा 138 निघाले. ही गोळी चालू असताना लघवीतली साखर वाढलेलीच दिसणार, तिच्यावरून काही ठरवता येत नाही, हे त्या दिवशी आम्हा दोघांनाही कळले.

मग मे महिना आला. आमच्याकडच्या उन्हाळ्याचे वर्णन विदर्भाबाहेरच्या माणसाला पटत नाही. ही गोळी साखरेबरोबर पाणीही बाहेर टाकते. माझ्या रक्तदाबाच्या गोळीतही लघवी वाढवणारा घटक होता. आणि टिनाच्या छपराखाली घामाच्या धारा लागलेल्या. तुरीच्या कट्ट्यावरून उठताना दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यातच जननेंद्रियाच्या जागी बुरशीची खाज सुरू झाली, जी बोलून दाखवायला माणूस लाजतो आणि म्हणून वाढू देतो. साखर असलेली लघवी बुरशीला मानवते, हे साधे कारण आहे. लघवीनंतर दर वेळी पाण्याने स्वच्छ धुऊन कोरडे करणे हा त्यावरचा पहिला उपाय आहे. जूनमध्ये डॉक्टरांनी माझी ही गोळी बंद केली.

येथवर वाचून कोणी या गोळीला नापास करील, तर ते चुकेल. माझ्या पत्नीच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तेव्हा तिला याच वर्गातले एम्पाग्लिफ्लोझिन देण्यात आले, कारण मूत्रपिंड आणि हृदय यांचे रक्षण करण्यात या वर्गाने मोठमोठ्या अभ्यासांत आपली योग्यता सिद्ध केली आहे, आणि ती योग्यता साखर उतरवण्यापेक्षा मोठी आहे. तिला ती मानवली. पत्नी घरात असते, माठ हाताशी असतो, आणि तहान लागण्याची वाट न पाहता ती पाणी पिते. मार्च 2025 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपल्यावर जी गोळी साठ रुपयांच्या आसपास पडत होती, ती दहा रुपयांच्या आत आली. आमच्या घरखर्चात त्या वर्षी एवढा मोठा दिलासा दुसऱ्या कशानेच दिला नाही. एक नियम मात्र भिंतीवर लिहून ठेवला आहे: उलट्या, जुलाब, ताप किंवा जेवण बंद असेल त्या दिवशी ही गोळी घ्यायची नाही आणि डॉक्टरांना फोन करायचा, शस्त्रक्रियेच्या तीन-चार दिवस आधी ती थांबवायची. अशा वेळी रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आंबट होण्याचा प्राणघातक प्रकार घडू शकतो, आणि साखर बरी दिसते म्हणून घरचे लोक निर्धास्त राहतात.

तोंडाने घ्यायचे सेमाग्लुटाइड भारतात 2022 मध्ये आले. मी ते घेतलेले नाही. पहाटे रिकाम्या पोटी अर्ध्या पेल्याहून कमी पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास चहासुद्धा प्यायचा नाही, अशी त्याची अट आहे. चहाशिवाय अर्धा तास थांबणारा माणूस आमच्या गावात मला अजून भेटायचा आहे.

आता या गोळ्या मिळतात कोठे, त्याविषयी. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड महिन्याभराच्या मिळतात, आणि 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरचेही पैसे लागत नाहीत. साठा संपत आला की मात्र पंधरा दिवसांच्याच हाती पडतात आणि दुसरी खेप एका मजुरीच्या दिवसाला महाग पडते. जनऔषधी दुकानातल्या गोळ्यांनी माझ्या सरासरीत काही फरक पडला नाही. स्वस्त म्हणजे हलक्या प्रतीची, ही समजूत माझ्यापुरती तरी खोटी ठरली. तिथली खरी अडचण वेगळी आहे. हवी ती मात्रा दर वेळी असतेच असे नाही, म्हणून मी एस. टी. ने निघण्यापूर्वी फोन करून विचारतो. आठवडी बाजारात "मुळापासून शुगर बंद" करणारी भुकटी विकणारेही येतात. अशा भुकट्यांत ग्लिमेपिराइडच्याच कुळातल्या ग्लिबेनक्लामाइडसारखी इंग्रजी औषधेच कुटून मिसळलेली प्रयोगशाळांना वारंवार सापडली आहेत, त्यामुळे त्या भुकटीने गुण आला तरी मला आनंद होत नाही, भीती वाटते.

तपासणीच्या आकड्याबद्दल आमच्या भागापुरती एक सूचना. विदर्भात सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण बरेच आहे, आणि ज्याच्या रक्तात सिकलसेल आहे त्याची तीन महिन्यांची सरासरी फसवी येऊ शकते, कारण ती तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. शेजारच्या एका तरुणाची सरासरी सहाच्या आत आणि जेवणानंतरची साखर अडीचशेच्या वर, असा विचित्र मेळ दोन वर्षे कोणाच्या लक्षात आला नव्हता. गोळी लागू पडते की नाही, हे अशा माणसाने बोटातल्या रक्तावरूनही पाहावे.

सध्या माझ्या डब्यात मेटफॉर्मिन आणि सिटाग्लिप्टिन, पत्नीच्या डब्यात मेटफॉर्मिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन आहे. उन्हाळ्यात हे डबे टिनाखालून काढून माजघरातल्या मातीच्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवतो, आणि गोळ्या पत्त्यातून आधी काढून ठेवत नाही, कारण पावसाळ्यात त्यांना ओल लागते. प्रत्येक पत्त्यावर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर ठळक देवनागरीत औषधाचे नाव, कोणाची गोळी, आणि "अर्ध्या जेवणानंतर" किंवा "सकाळी एकदा" असे लिहितो. कालच्या खेपेत सिटाग्लिप्टिनच्या पत्त्याचा रंग पुन्हा बदलून आला आहे, आणि तो पत्नीच्या गोळीच्या पत्त्याशी जुळतो. म्हणून या वेळी पट्ट्यांसाठी लाल आणि निळी अशी दोन प्रकारची शाई आणली आहे.